हाड हातात घेऊन शरीररचना शिकताना

शरीररचनेची पुस्तकं बहुधा पेशीपासून सुरू होतात. पेशी, ऊती, मग एकेक संस्था. वाचायला तर्कशुद्ध, पण शिकायला हा क्रम जड जातो, कारण हातात धरावं असं काहीच पहिल्या शंभर पानांत येत नाही. त्यापेक्षा एक हाड उचलावं. माझी पसंती गळ्याच्या हाडाला, म्हणजे क्लॅव्हिकलला. ते लहान असतं, स्वतःच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपता येतं आणि उजवं की डावं हे ओळखायचा सराव त्यावर चांगला होतो.

त्याआधी एक स्थिती डोक्यात पक्की बसायला हवी: माणूस सरळ उभा, नजर समोर, पावलं पुढे, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे आणि म्हणून अंगठे बाहेर. शव टेबलावर पालथं असलं तरी वर्णन याच स्थितीचं. मीडियल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडचं, लॅटरल म्हणजे तिच्यापासून दूरचं. हातापायांत प्रॉक्झिमल म्हणजे धडाकडचं, डिस्टल म्हणजे बोटांकडचं. उजवं-डावं नेहमी त्या शरीराचं, बघणाऱ्याचं नव्हे. तळवे पुढेच का, याचं उत्तर स्वतःच्या हातावर मिळतं. कोपर काटकोनात वाकवून तळवा वर ठेवा आणि दुसऱ्या हातानं कोपर ते मनगट असा भाग धरा. आता तळवा खाली फिरवा. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस हे हाड शेजारच्या अल्ना या हाडावरून आडवं जाताना कळतं. तळवा पुढे असतानाच ही दोन्ही हाडं समांतर असतात, म्हणूनच त्या स्थितीत वर्णन करणं सोयीचं.

आता क्लॅव्हिकल. एक टोक जाड आणि गोलसर, ते उरोस्थीकडचं. दुसरं चपटं, ते खांद्याकडचं. आतल्या दोन-तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे असतो, उरलेल्या बाहेरच्या भागाचा मागे. मधल्या भागाच्या खालच्या पृष्ठावर एक लांबट खोबण असते. खोबण खाली, फुगवटा पुढे असं हाड समोर धरलं की गोल टोक ज्या दिशेला येईल ती मध्यरेषा, आणि त्यावरून बाजू ठरते. कुठलंही हाड घेतलं तरी वर-खाली, पुढे-मागे आणि आत-बाहेर या तिन्ही जोड्यांच्या खुणा लागतात. तोंडी परीक्षेत बाजू चुकते ती बहुतेक वेळा दोनच खुणा बघून घाईनं उत्तर दिल्यामुळे. दोन खुणांवर हाड उजवंही बसतं आणि डावंही.

बाजू ठरली की लगेच विचारायचं: हे हाड कुठे मोडतं आणि का? क्लॅव्हिकलची वक्रता जिथे बदलते तिथे, म्हणजे मधल्या आणि बाहेरच्या तृतीयांशाच्या सांध्यावर, ते दुबळं असतं. पसरलेल्या हातावर पडल्यावर जोर खांद्यातून तिथे येतो. असा प्रश्न प्रत्येक हाडाला विचारला तर शेजारचे मज्जातंतू आणि धमन्या आपोआप पाठ होतात. दंडाच्या हाडाचं, ह्यूमरसचं, उदाहरण याहून बोलकं आहे. त्याचं डोकं वर, आत आणि किंचित मागे वळलेलं असतं. खालच्या टोकाचा मोठा खड्डा मागच्या बाजूला असतो. आतला उंचवटा बाहेरच्यापेक्षा ठळक असतो. हाडाला टेकून तीन मज्जातंतू जातात. वरच्या सर्जिकल नेकला, म्हणजे डोक्याखालच्या अरुंद भागाला, वेढून अ‍ॅक्सिलरी, मधल्या भागाच्या मागच्या तिरक्या खोबणीतून रेडियल, आणि कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून अल्नर. हाड वर मोडलं तर खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू दुबळा होण्याची भीती, मध्ये मोडलं तर मनगट लुळं पडण्याची, खाली आतल्या बाजूला मोडलं तर करंगळीकडची संवेदना आणि पंजातले बारीक स्नायू जाण्याची. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती याच तिसऱ्या मज्जातंतूची.

प्लास्टिकच्या हाडांवर अभ्यास करायला हरकत नाही, पण स्वस्त संचात बारीक खाचा आणि कंगोरे बुजलेले असतात आणि नेमक्या त्याच खुणा बाजू ओळखायला लागतात. शक्य असेल तिथे खरं हाड एकदा तरी बोटांखालून फिरवून घ्यावं. डोळे मिटून फिरवलं तर आणखी चांगलं. प्लास्टिकच्या हाडावर स्नायूंच्या जागा खडूनं रंगवाव्यात: उगम, म्हणजे स्नायू जिथून निघतो ती जागा, लाल आणि निवेश, म्हणजे तो जिथे जाऊन चिकटतो ती, निळा. पुस्तकांतही बहुधा हेच रंग असतात, त्यामुळे डोळ्यांना निराळी सवय लावावी लागत नाही.

मनगटाची आठ हाडं हा नवशिक्याचा पहिला कंटाळा. दोन ओळी, प्रत्येकी चार. अंगठ्याकडून सुरुवात केली तर वरच्या ओळीत स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. खालच्या ओळीत ट्रॅपिझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. नावं घोकण्यापेक्षा दोन हाडं अंगावर शोधावीत. पिसिफॉर्म तळव्याच्या मुळाशी करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं लागतं आणि ते थोडं हलतंही. स्कॅफॉइडसाठी अंगठा ताणून वर उचला. मनगटाच्या बाजूला दोन कंडरांमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमध्ये, खड्डा पडतो. त्याच्या तळाशी दाबलं की स्कॅफॉइड, आणि हलकं बोट ठेवलं की तिथूनच जाणाऱ्या रेडियल धमनीचे ठोके. या हाडाला रक्त मुख्यतः दूरच्या, म्हणजे बोटांकडच्या टोकातून येतं. त्यामुळे ते मधल्या अरुंद भागाशी मोडलं तर जवळचा तुकडा रक्ताविना मरू शकतो, आणि पडल्यावर या खड्ड्यात दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ असूनही तो हात मोडलाय असंच धरून चालतात.

स्नायूंकडे वळलं की बहुतेक जण चार रकान्यांचा तक्ता करतात: उगम, निवेश, मज्जातंतू, क्रिया. तक्ता वाईट नाही, पण चौथा रकाना पाठ करायची गरजच नसते. स्नायू कुठला सांधा ओलांडतो आणि त्या सांध्याच्या पुढून जातो, मागून की बाजूनं, एवढं हाडावर दोरा धरून पाहिलं की क्रिया समोर दिसते. दोऱ्याचं एक टोक उगमाशी, दुसरं निवेशाशी, आणि दोरा आखडायचा. बायसेप्सचा दोरा धरताना गंमत कळते. हा दंडाचा सर्वांत प्रसिद्ध स्नायू दंडाच्या हाडाला कुठेच चिकटत नाही. त्याची दोन्ही डोकी खवाट्यापासून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडापासून, निघतात आणि कंडरा रेडियसच्या वरच्या भागाच्या आतल्या उंचवट्यावर बसते. तळवा खाली असताना तो उंचवटा मागे वळलेला असतो, म्हणून स्नायू आखडला की आधी रेडियस फिरतं आणि तळवा वर येतो. कोपर काटकोनात ठेवून तळवा जोरानं वर फिरवा, दंड फुगतो. कोपर नुसता वाकवण्याचं मुख्य काम त्याच्या खालचा ब्रॅकिअ‍ॅलिस करतो.

हात बाजूला उचलण्याची क्रिया सुट्या स्नायूंत पाठ केली तर हमखास गोंधळ होतो. सुरुवातीचे साधारण १५ अंश सुप्रास्पायनेटस, पुढे ९० पर्यंत डेल्टॉइड, आणि त्याच्या वर ट्रॅपिझियस आणि सेरेटस अँटीरिअर खवाटाच फिरवतात, असं शिकवलं जातं. परीक्षेला हे ठीक आहे. प्रत्यक्षात मात्र हे टप्पे इतके कोरडे वेगळे नसतात. खवाटा ९० अंशांच्या बराच आधी फिरू लागतो. जोडीदाराच्या खवाट्याच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवा आणि त्याला हात हळूहळू वर न्यायला सांगा, कोपरा केव्हा सरकू लागतो ते कळेल.

बोटांच्या दोन आकुंचक स्नायूंना वेगळं करण्याची चाचणीही अशीच अंगावर करायची. मधल्या बोटाचं मधलं पेर धरून ठेवा आणि फक्त टोक वाकवा: हे काम खोल स्नायूचं, फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचं, कारण टोकाच्या पेरापर्यंत पोचणारी कंडरा त्याचीच. आता उरलेली तीन बोटं सरळ दाबून धरा आणि मधलं बोट वाकवा. टोक सैल राहतं आणि बोट मधल्या सांध्यात वाकतं: हे वरच्या थरातल्या सुपरफिशियॅलिसचं. हीच चाचणी करंगळीवर अनेकांत नीट जमत नाही, तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नये. मग अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट वाकवा. मध्यभागी ताठ उभी राहते ती पामारिस लाँगसची कंडरा. ती अनेक लोकांत एका किंवा दोन्ही हातांत नसतेच आणि नसल्यानं काहीही अडत नाही. असेल तर मीडियन मज्जातंतू तिच्या खाली, किंचित अंगठ्याकडे सापडतो.

ब्रॅकिअल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं, वाचून कुणालाही येत नाही. ते काढावं लागतं, रोज, कोऱ्या कागदावर, मिनिटभरात जमेपर्यंत. पाच आडव्या रेघा: सी ५, सी ६, सी ७, सी ८ हे मानेचे मज्जातंतू आणि टी १ हा छातीचा पहिला. वरच्या दोन एकत्र आणा, खालच्या दोन एकत्र आणा, मधली एकटी जाऊ द्या. झाली तीन खोडं. प्रत्येक खोडाला पुढची आणि मागची अशा दोन फांद्या. मागच्या तिन्ही मिळून मागची दोरी. पुढच्यांपैकी वरच्या दोन मिळून बाहेरची दोरी, खालची एकटी आतली दोरी. मागच्या दोरीतून अ‍ॅक्सिलरी आणि रेडियल. बाहेरच्या दोरीतून मस्क्युलोक्युटेनिअस, आतल्यातून अल्नर, आणि दोघींनी एकेक मूळ देऊन मीडियन. पुढच्या फांद्या हाताच्या पुढच्या, वाकवणाऱ्या स्नायूंना जातात आणि मागच्या मागच्यांना, हे एकदा उमजलं की अर्धं पाठांतर संपतं. दोऱ्यांची आतली, बाहेरची, मागची ही नावं अ‍ॅक्सिलरी धमनीच्या दुसऱ्या भागाच्या संदर्भात आहेत. कागदावर धमनी काढलीच नाही तर ती नावं निरर्थक वाटतात. सी ८ वर एक अडखळ हटकून येते: मानेचे मणके सात, मग आठवा मज्जातंतू कुठला? पहिले सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवा सातव्या मणक्याच्या खालून, आणि तिथून पुढे प्रत्येक जण आपल्या मणक्याच्या खालून.

एवढी तयारी करून विच्छेदनाला गेलं तर टेबलावरचा वेळ कामी येतो. फॉर्मलिन डोळ्यांना आणि घशाला झोंबतं. हवा खेळती हवी, कॉन्टॅक्ट लेन्स नको, हातमोजे नायट्राइलचे चांगले. शव देहदानातून आलेलं असतं, त्याचे फोटो काढत नाहीत. कापलेली कातडी फेकायची नसते. काम झालं की तिच्यानंच भाग झाकून वर ओलं कापड टाकतात. न झाकता राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी कडक आणि तपकिरी झालेला असतो आणि मग त्यातला मज्जातंतू आणि कंडरा सारखेच दिसतात.

नवा हात स्कॅल्पेलवर फार विसंबतो. पातं लागतं ते कातडीला, आणि तेही बेतानं: एका कोपऱ्याला दातांच्या चिमट्यानं ताणून धरायचं, पात्याची धार कातडीकडे ठेवायची, आतल्या चरबीकडे नाही. त्यानंतरचं बहुतेक काम बोथट असतं. बंद कात्रीचं टोक ऊतीत घालायचं आणि ती उघडायची. मज्जातंतूच्या दिशेला समांतर उघडली तर तो वाचतो, आडवी उघडली तर तुटतो. सर्वांत जास्त नुकसान चरबीच्या थरात होतं. त्या थराला काही महत्त्व नाही असं समजून तो भसाभस खरवडला जातो, आणि त्यातल्या त्वचेच्या मज्जातंतूंचा नायनाट होतो. मानेवर तर प्लॅटिस्मा हा स्नायूच या थरात असतो. कातडीबरोबर तो निघून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

काखेचं विच्छेदन करताना आधी डेल्टॉइड आणि पेक्टोरॅलिस मेजर यांच्यामधल्या खोबणीत सेफॅलिक शीर शोधावी. ती सापडली की दोन स्नायूंची हद्द ठरते. मेजर उलटला की खाली मायनर, तो उलटला की चरबीत गुरफटलेला धमनी, शिरा आणि मज्जातंतूंचा मुख्य गठ्ठा. इथे छोट्या शिरा काढून टाकाव्याच लागतात, नाहीतर काही दिसत नाही. दुसऱ्या बरगडीच्या खालच्या फटीतून निघून काख आडवी ओलांडणारा इंटरकोस्टोब्रॅकिअल मज्जातंतू मात्र चरबीची तार समजून कापला जातो, जवळजवळ प्रत्येक टेबलावर. धमनीच्या पुढे इंग्रजी एम अक्षरासारखी रचना दिसते: मस्क्युलोक्युटेनिअस, मीडियनची दोन मुळं, अल्नर. ती दिसली की मग इतर सर्वांना नाव देता येतं. हाती लागलेली दोरी धमनी, शीर की मज्जातंतू, हे बोटांत फिरवून ठरवायचं. धमनीची भिंत जाड आणि दाबल्यावर पोकळी जाणवते. शीर चपटी पडलेली, बऱ्याचदा आत काळपट गोठलेलं रक्त. मज्जातंतू भरीव, पांढरा, लांबीला रेषा असलेला. कंडरा चकाकते आणि मागे गेलं की स्नायूत शिरते.

छातीवर पहिली गोष्ट बरगड्या मोजणं. वरून मोजायला गेलं तर चूक होते, कारण पहिली बरगडी गळ्याच्या हाडाखाली दडलेली असते. गळ्याच्या खळगीपासून बोट उरोस्थीवरून खाली सरकवत आणा, साधारण ५ सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला जुळते ती दुसरी बरगडी. तिथून खाली मोजायचं, आणि तेही थोडं बाहेर सरकत, कारण उरोस्थीजवळ खालच्या कूर्चा दाटीनं बसलेल्या असतात. हृदयाच्या टोकाचा ठोका डावीकडे पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली ओढलेल्या रेषेच्या किंचित आत. बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीत वरून खाली शीर, धमनी, मज्जातंतू असा क्रम असतो. म्हणून फटीतून सुई घालायची ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून.

हृदयाच्या बाबतीत उजवं आणि डावं हे शब्द फसवे आहेत. उजवी जवनिका, म्हणजे खालचा कप्पा, समोरून दिसणारा बराचसा भाग व्यापते, डावं अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, जवळजवळ पूर्ण मागे, अन्ननलिकेला टेकून. उजवी कड उजव्या अलिंदाची. सुटं हृदय हातात घेतल्यावर प्रत्येक जण ते टोक सरळ खाली करून धरतो. ते डावीकडे, पुढे आणि खाली वळवून धरल्याशिवाय छातीच्या एक्स-रेशी काहीही जुळत नाही.

पोटात अवयव सोपे, पेरिटोनियम, म्हणजे त्यांच्यावरचं आणि पोटाच्या भिंतीवरचं पातळ आवरण, अवघड. अर्धवट फुगवलेल्या फुग्यात मूठ दाबा: मुठीला चिकटलेला थर अवयवावरचा, बाहेरचा थर पोटाच्या भिंतीचा, आणि मूठ फुग्याच्या पोकळीत कुठेच नसते. मनगटाशी जिथे दुहेरी थर जुळतो ते मेसेंटरी. पुढचा गुंता सुटतो तो गर्भातली हालचाल कळल्यावर. मधलं आतडं त्याला रक्त देणाऱ्या सुपीरिअर मेसेंटरिक धमनीभोवती घड्याळाच्या उलट २७० अंश फिरतं. म्हणूनच मोठं आतडं लहान आतड्याला चौकटीसारखं वेढतं आणि आडवा कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा आडवा भाग, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, पुढून जातो. स्वरयंत्राकडे परतणाऱ्या मज्जातंतूचा विचित्र रस्ताही गर्भातच ठरतो. डावा महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो, उजवा सबक्लेव्हियन धमनीखालून. हृदय छातीत खाली उतरताना त्या धमन्यांनी त्यांना ओढत नेलेलं असतं.

कवटीबद्दल एवढंच: डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून ती कधी उचलू नये, आतल्या भिंती कागदासारख्या पातळ असतात आणि लगेच फुटतात. तळाची छिद्रं रंगीत दोरे ओवून शिकावीत. ओव्हेल, रोटंडम, स्पायनोसम या छिद्रांतून गेलेला दोरा कुठे बाहेर निघतो ते बघितलं की नावं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

पुस्तकातलं चित्र आणि टेबलावरचं शरीर जुळलं नाही तर आधी शरीरावर विश्वास ठेवावा. प्राचीन वैद्य गेलननं प्राणी विच्छेदून लिहिलेली वर्णनं हजार वर्षांहून अधिक काळ माणसाची म्हणून शिकवली गेली, खालचा जबडा दोन हाडांचा असतो यासकट. १५४३ मध्ये शरीररचनाकार व्हेसालियसनं प्रौढ माणसात तो एकच असल्याचं दाखवलं. मूत्रपिंडाला दोन धमन्या, यकृताची उजवी धमनी सुपीरिअर मेसेंटरिकमधून निघालेली, दंडातच लवकर दुभागलेली धमनी: हे सगळं निरोगी माणसांत दिसतं. असं काही आढळलं की ते कापून चित्रासारखं करायचा मोह टाळून नोंद करावी.

शेवटी आडवे छेद. सीटी स्कॅन रुग्णाच्या पायांकडून बघितल्यासारखा दाखवतात, म्हणून यकृत पडद्यावर डाव्या हाताला असतं. पहिल्या काही वेळा पडद्यासमोर जमिनीवर झोपलेला माणूस डोळ्यांपुढे आणून स्वतः त्याच्या पायाशी उभं राहावं. सुरुवात एल १, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीपासून करावी. ती अंगावर सापडते: गळ्याची खळगी आणि जघनास्थीची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर. या एका छेदात स्वादुपिंडाची मान, सुपीरिअर मेसेंटरिक धमनीचा उगम, मूत्रपिंडांच्या खाचा आणि मज्जारज्जूचं टोक जवळपास येतात. मूत्रपिंडाच्या खाचेत पुढून मागे शीर, धमनी, मूत्रवाहिनी. डावी शीर महाधमनीच्या पुढून, मेसेंटरिक धमनीच्या खालून जाताना दिसली की पातळी बरोबर लागली. पायलोरस, म्हणजे जठराचं खालचं तोंड, मात्र याच पातळीवर शोधत बसू नये. तो आडव्या झोपलेल्या शरीरात इथे असतो. उभ्या माणसात, आणि जेवलेला असेल तर आणखीच, तो एक-दोन मणके खाली उतरलेला असतो.